काशीदमागचा घाट आणि माझी धाकटी बहीण

गिरगावच्या आमच्या दमट खोलीत सुशीचा खोकला काही केल्या हटेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पोरीची हवा पालटा." हवा पालटायला आम्हाला एकच ठिकाण होतं. काशीदच्या मागच्या डोंगरात माझी धाकटी बहीण यमू राहते. तिचे यजमान गणपतराव तिथल्या घाटरस्त्यावर मिस्त्री आहेत. लग्नाच्या वेळी सगळे हळहळले होते, थोरली मुंबईला पडली आणि धाकटी रानात गेली म्हणून. यमूला मूलबाळ नाही. "सुशीला धाड माझ्याकडे, मला सोबत होईल," असं ती कधीची म्हणत होती.

गौरी-गणपती आटोपले आणि आम्ही मायलेकी निघालो. त्या दिवसांत किनाऱ्याच्या मोठ्या आगबोटी बंद असतात, पण भाऊच्या धक्क्यावरून रेवसची बोट चालते. कुणाला जायचं असेल तर सकाळचीच धरावी, दुपारी वारा सुटला की पोटातलं सगळं वर येतं. रेवसला सर्व्हिस मोटार उभी असते. तिने अलिबाग, तिथून रेवदंडा. पुढे खाडी, ती तरीतून, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीतून, ओलांडायची. पाणी गढूळ आणि उसळतं होतं. मी सुशीला घट्ट धरून बसले, तर तरीवाला म्हणाला, "बाय, घाबरू नको. ही तर तुज्यापरीस म्हातारी हाय, अजून बुडली न्हाय." पलीकडे साळावला बैलगाडी ठरवावी आणि सोबत घरची भाकरी ठेवावी, कारण वाटेत चहापलीकडे काही मिळत नाही.

काशीदला यमू आणि गणपतराव उभे होते. यमूच्या डोक्यावर पावसासाठी पानांचं इरलं, काष्टा गुडघ्यापर्यंत ओढलेला, पायांत काही नाही. बैल चढावर दमतात म्हणून तिथून सगळे चालतच जातात. तो रस्ता मी कसा सांगू! एका वळणावर पाठीमागे समुद्र दिसतो, दुसऱ्या वळणावर ऐनाच्या झाडांतून धूर निघावा तसं धुकं. दर वळणाला एक ओहळ रस्ता ओलांडून जातो. कडेला तेरडा इतका फुललेला की पाऊल कुठे ठेवावं कळेना. अर्ध्या घाटात धबधबा आहे, तीन टप्प्यांनी उतरणारा. खालच्या टप्प्यापाशी मी धापा टाकत बसले. यमू मात्र सुशीला पाठंगुळी घेऊन मधल्या टप्प्यापर्यंत गेली आणि वरून हात हलवू लागली. गणपतराव तिच्याकडे पाहून हसले आणि मला म्हणाले, "ताई, संध्याकाळी मी कामावरून येतो तेव्हा आम्ही दोघं रोज इथवर येतो." माझे यजमान माझ्याबरोबर चौपाटीवर शेवटचे कधी आले होते, ते आठवू लागले तर आठवेना. त्या घटकेला माझ्या छातीत जे सुरू झालं, ते पुढे वर्षभर थांबलं नाही.

सुशीला ठेवून मी परतले.

दुसऱ्यांदा गेले ती माघात. या वेळी समुद्र निवांत होता. तुम्हाला चालायची हौस असेल तर हेच दिवस उत्तम. आकाश स्वच्छ, वाट कोरडी, पांगारा लाल झालेला. धबधब्याची नुसती धार उरली होती, पण खालचा डोह काचेसारखा. यमूने वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी बांधून घेतली होती. सुशी पुढे धावत होती. खोकला नावाला नव्हता. मी आनंदाने रडायला हवं होतं, आणि थोडी रडलेही. इतक्यात मोळी घेऊन उतरणारी एक म्हातारी थांबून म्हणाली, "यमूबाय, पोर अगदी तुज्यासारकीच चालते गं!"

"माझी नाही हो, ताईची आहे," यमू म्हणाली.

"व्हय? मला वाटलं तुजीच."

म्हातारी गेली. त्या दिवशी मी हट्टाने मधल्या टप्प्यापर्यंत चढले. तिथे माझा पाय घसरला, तर वरून सुशी ओरडली, "आई, पाय तिरपा टाक! मावशी असंच टाकते!" पाय तिरपा टाकला तर वर जाता येत होतं. मी सरळ टाकला आणि गुडघा फोडून घेतला.

वैशाखात तिला न्यायला गेले. धबधबा आटला होता, नुसता काळा कातळ तापलेला. तरीही घाट रिकामा नव्हता, करवंदांच्या जाळ्यांवर अख्खी गावं जमली होती. सकाळी लवकर निघावं, उन्हं चढायच्या आत उतरावं, सोबत पाणी भरपूर असावं. आम्ही तिघी धबधब्याच्या वरच्या टप्प्यावर पोहोचलो. तिथून रेवदंड्याची खाडी चांदीच्या पट्टीसारखी दिसते. सुशी जांभळ्या ओठांनी करवंदं खात होती. यमू माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, आणखी एक पावसाळा राहू दे ना तिला."

"माझी मुलगी आहे ती, यमू."

"तुझीच आहे. म्हणून तर विचारतेय. माझी असती तर विचारलं असतं का?"

मी बोलले, आणि जोरात बोलले. "तुला डोंगर आहे, माणूस आहे, सगळं आहे. माझ्याकडे ही एकच आहे, तीही तुला हवी?" सुशी खायची थांबली. यमूचा चेहरा एकदम म्हाताऱ्या बाईसारखा झाला. "बरं," एवढंच म्हणाली आणि उतरायला लागली.

खाडीवरच्या तरीपर्यंत ती आणि गणपतराव सोडायला आले. यमूने सुशीच्या परकराच्या ओच्यात काजूगर बांधले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाठ फिरवून तरातरा निघून गेली. सुशी हाका मारत राहिली, तरी वळून बघितलं नाही. मला वाटलं, काय दगडाच्या काळजाची! गणपतराव सामान चढवता चढवता हळू आवाजात म्हणाले, "रागावू नका, ताई. वळले तर पोरीला परत घेऊन येईन, असं सकाळीच म्हणाली होती मला."

होडी सुटली. सुशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. मी तिच्या केसांतून हात फिरवत होते आणि किनाऱ्यावरची ती पाठमोरी बाई दिसेनाशी होईपर्यंत बघत होते.

आता आषाढ आहे. सुशीला खोकला नाही. आमच्या खोलीत ती "न्हाय" आणि "हाय" बोलते, शेजारणी हसतात, मी तिला टोकत नाही. परवा भात कालवता कालवता तिने विचारलं, "मावशी आता सकाळची एकटीच जात असेल का गं धबधब्यावर?" मला यमूचा पुन्हा तोच हेवा वाटला. पण या वेळी त्याच्यासोबत तिचा तो उतरताना दिसलेला चेहराही आला.

मी यजमानांना सांगितलं, श्रावणात आम्ही दोघी जातो, पंधरवडाभर. ते म्हणाले, "पोर तर बरी झाली. आता कशाला?"

"यमूला भेटायला," मी म्हणाले.

ते खोटं नाही. पण खरं सांगायचं तर आणखीही एक आहे. ओल्या कातळावर पाय तिरपा टाकून मला यमूच्या पुढे चढायचं आहे, आणि वर पोहोचल्यावर तिला हात द्यायचा आहे.