तुळजाबाईंचा अंगठा

तेलंगणातल्या भैंशा गावाजवळच्या खेड्यात चाळीस वर्षं कापूस वेचणाऱ्या तुळजाबाईंचा अंगठा रेशन दुकानातलं मशीन तीन महिने घेईना. बोंडांच्या टोकांनी बोटं झिजली होती, पण बाईंना वाटलं, मळ बसलाय. म्हणून दुकानात निघण्याआधी त्या विटेच्या तुकड्यानं अंगठा लाल होईस्तोवर घासत, आणि मग मशीनवर चिडत.

नर्सिंग शिकणाऱ्या नातीनं, हर्षालीनं, एकदा ते पाहिलं आणि वीटच हिसकावून घेतली.

"आजी, कातडीच्या वरच्या थरात बहुतेक पेशी केराटिनोसाइट नावाच्या असतात. त्या खाली जन्मतात, वर सरकता सरकता कडक होतात, आणि मरून आपलं चिलखत होतात. धूळ, रोगजंतू तेच अडवते. अंगठ्याच्या रेघाबी त्यातच दिसतात, अन् तू तेच खरवडून राह्यली. महिनाभर घासू नको, खालून नव्या येतीन."

बाई कुरकुरल्या, पण महिनाभर अंगठ्याला चिंधी बांधून त्यांनी कापूस वेचला.

पुढच्या खेपेला मशीननं पहिल्याच दाबाला अंगठा घेतला. दुकानदारानं विचारलं, "काय लावलं, बाई?"

"काईच नाई," तुळजाबाई म्हणाल्या. "माह्यासाठी मेलेल्याइले मीच हाकलून राह्यली होती. आता राहू देल्लं."