पुष्पलताबाईंचा राजदूताला अर्ज

राजदूत म्हणजे कोण, असं नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या पुष्पलताबाईंना चार महिन्यांपूर्वी कोणी विचारलं असतं, तर ‘असन कोनी मोठा साहेब’ म्हणून त्या भाजी चिरायला बसल्या असत्या. आता मात्र राजदूत, दूतावास, परराष्ट्र खातं हे सगळे शब्द त्यांच्या तोंडी रोजचे झाले होते. त्यांचा मुलगा चंदन नेपाळात कोठडीत होता.

मौद्याच्या राइस मिलचा तांदूळ घेऊन चंदन ट्रक चालवत नेपाळला गेला. सीमा ओलांडल्यावर एका वळणावर सायकलवाला ट्रकखाली आला आणि जागच्या जागी गेला. पोलिसांनी ट्रक धरला, चंदनलाही धरलं. ट्रक महिन्याभरात सुटून मौद्याला परत आला. चंदन आला नाही.

बाईंचं माहेर उमरेडचं, विणकराचं. अठराव्या वर्षी श्रावणशी लग्न झालं आणि हळद उतरायच्या आत सासूने त्यांना मागावर बसवलं. करवतकाठी पातळाला दोन माणसं लागतात. मधला धोटा एकजण फेकतो, काठाचा धोटा बाजूचा फेकतो आणि दर वेळी काठाचा धागा मधल्या धाग्यात अडकवतो. अडकवायचं राहिलं, की काठ आणि पातळ यांच्यात फट पडते. बाईंनी वीस-बावीस वर्षं काठ सांभाळला. पुढे पॉवरलूमने मागाचं पोट मारलं. श्रावण मनीषनगरात एका बिल्डिंगचा वॉचमन झाला, बाई तिथेच तीन घरी स्वयंपाकाला लागल्या. माग माळ्यावर गेला. सरकारला कोणा पाहुण्याला कला दाखवायची असली, की तेवढा खाली उतरायचा.

या खेपेला हातमागाचं प्रदर्शन भरवणाऱ्या चारुशीला मॅडमनी फोनवर सांगितलं, की नेपाळचे राजदूत येणार आहेत. झालं. त्या घडीपासून बाईंच्या जिवाला थारा नाही. वरणात दोनदा मीठ पडलं. कुलूप लावून निघायचं, चौकातून परत यायचं, कुलूप ओढून पाहायचं, असं रोज चाललं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून त्यांनी दोन पानी अर्ज हिंदीत करून घेतला आणि तो ब्लाउजमध्ये ठेवून आठ दिवस वागवला.

“अवो, तेच सोडतीन ना आपल्या पोराले? त्यायचाच देश हाये.”

“मले काय मालूम,” श्रावण म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि टायपिस्टलाही नव्हतं, फक्त तो तसं म्हणाला नव्हता.

“मावशी, पाहुण्यांना अकरा मिनिटं आहेत,” प्रदर्शनाच्या दिवशी चारुशीला मॅडमनी सकाळीच बजावलं. “विचारतील तेवढंच बोला.”

राजदूत आले ते पंधरा माणसांच्या घोळक्यात, आणि त्यांच्यापेक्षा घोळकाच जास्त साहेब दिसत होता. ते मागाजवळ वाकून बघू लागले. श्रावण धोटा फेकत होता. बाईंचा हात चालत होता, पण जीव त्या कागदात होता. बघता बघता काठाशी बोटभर फट पडली.

“ये टूट गया क्या?” राजदूतांनी हलकेच विचारलं.

“तुटलं नाई साहेब, माह्या हातून जुळवाचं राहिलं,” बाई म्हणाल्या, आणि सगळ्यांदेखत अर्ज काढून त्यांच्या हातात दिला.

राजदूतांनी दोन्ही पानं वाचली. मग हिंदीत, समजेल असं सांगितलं, की तुमच्या मुलासाठी बोलणारे राजदूत तुमच्या देशाचे, ते काठमांडूत बसतात. हा कागद मी त्यांच्याकडे पोचवतो. मी इथे आहे तो माझ्या माणसांसाठी. जो गेला, तो माझा माणूस.

त्यांनी पानं पुन्हा उलटून पाहिली. “उसका नाम क्या था?”

बाईंनी कागदाकडे पाहिलं. त्यात ट्रकचा नंबर होता, लायसन्सचा होता, पोलीस ठाणं, कलम, तारीख, सगळं होतं. त्या माणसाच्या जागी ‘एक सायकलस्वार’ एवढंच होतं. त्यांनी श्रावणकडे पाहिलं, तर त्याने मान खाली घातलेली. राजदूतांनी कागद खिशात ठेवला, हात जोडले आणि ते पुढच्या स्टॉलकडे गेले.

परतीच्या ऑटोत बाई नुसत्या धुमसत होत्या. “काय कराचं होतं त्याले नावाचं? काहून विचारलं असन?”

“आपल्या चंदनचं नाव त्या कागदात सात जागी हाये वं,” श्रावण म्हणाला. “मी मोजलं.”

बाईंना लाज वाटली, आणि घरी आल्यावरही ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रकमालकाला फोन लावला. “कोन, तो सायकलवाला?” तो म्हणाला, “त्याचं नाव घेऊन तुमी काय करता मावशी?”

कोठडीतून चंदनला रविवारी दहा मिनिटं फोन करू देत. एरवी बाई विचारायच्या, जेवला का, थंडी हाये का, कधी सोडून राहिले. या रविवारी त्यांनी आधी हेच विचारलं, “तो मानूस, बापू, त्याचं नाव काय होतं?”



“पदमबहादूर,” चंदन म्हणाला. “चार महिने झाले माय. घरच्या कोनीच विचारलं नाई मले.” आणि तो रडायला लागला, कोठडीत गेल्यापासून पहिल्यांदा.

बाईंनी त्याला रडू दिलं. त्या स्वतःही रडत होत्या. “घरी कोन कोन हाये त्याच्या?”

“माय हाये एक. दर तारखेले कोर्टात येते. समोरच्या बाकड्यावर एकटी बसून राह्यते. बोलत नाई काही, नुसती पाह्यते माह्याकडे.”

“आता तारीख कधी हाये?”

“बावीसले.”

“मी येतो.”

“मले सोडवाले?”

“ते राजदूत पाह्यतीन,” पुष्पलताबाई म्हणाल्या. “मी तिच्यापाशी बसाले येतो.”