एकट्याने घातलेली घडी

चार किलोमीटर चालून झाले होते आणि आमच्या कलावंताने मला पाचव्यांदा गप्प बसवलं, कारण तो आमच्या पावलांचा आवाज भरून घेत होता. हातात माइक आणि माइकवर मांजरीच्या पाठीसारखी केसाळ टोपी. माझ्या चपला फार फटफटतात म्हणून त्याने मला कडेच्या गवतातून चालायला लावलं. त्याचे स्वतःचे बूट नवे होते आणि टाचेला चावत होते. तेव्हा त्याचा दुसरा अल्बम एका लंगडणाऱ्या माणसाच्या पावलांनी सुरू होणार, हे मला दिसत होतं. मी बोलले नाही. बोलू नकोस असं सांगितलंच होतं.

हा माझा मावसभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा. घरात त्याला सगळे ‘राजे’ म्हणायचे. त्यात कौतुक किती नि टोमणा किती, हे त्याला अजून कळलेलं नाही. आम्ही चालत होतो तो रस्ता इस्पितळाच्या धुलाईघरापासून आमच्या जुन्या खोल्यांपर्यंतचा. माझी आई आणि त्याची आई, दोघी सख्ख्या बहिणी, सव्वीस वर्षं त्या धुलाईघरात चादरी धुवायच्या आणि रोज हा रस्ता तुडवायच्या. राजेंच्या मते हे चालणं म्हणजे मुळांकडे परत जाणं. त्या दोघींच्या मते ते पायात गोळे येणं होतं.

चौतिसाव्या वर्षापर्यंत राजे एका वाद्यांच्या दुकानात कामाला होते. गिऱ्हाईक नसलं की गिटार वाजवायचे आणि गिऱ्हाईक आलं तरी वाजवायचे. मग पहिला अल्बम निघाला, ‘घडी’. लोकसंगीताला नवा ठेका दिला म्हणून कौतुकाचा पूर आला. अल्बमवरच्या फोटोत राजे पांढरी चादर पांघरून खिडकीतून बाहेर बघतायत. चादर दुकानातून थेट आणलेली, पाकिटातल्या घड्यांच्या चौकोनी रेघा तशाच. आईने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, “इस्त्री तरी करून घ्यायची.”

मुलाखतींत तो सांगायचा की हे संगीत श्रमाच्या घामातून आलंय. घाम कोणाचा, ते मी सांगते. अकराव्या वर्षी त्याला एकदा ओल्या चादरींची टोपली पलीकडे न्यायला सांगितली होती. वास येतो म्हणून तो रडला होता आणि ती टोपली मी नेली होती. शाळा सुटल्यावर तो धुलाईघरात यायचा तो घडीच्या टेबलाखाली, आपल्या आईच्या पायाशी बसून बिस्किटं खायला. एवढाच त्याचा श्रम.

आणि तिथेच तो चुकला.

मोठी चादर एकटीला घडी करता येत नाही. दोघी दोन टोकं धरतात, ताणतात, मग चालत एकमेकींजवळ येतात आणि कोपऱ्याला कोपरा लावतात. साध्या चादरींना गप्पा चालायच्या. पण वॉर्डातून कधी कधी गाठ मारलेलं गाठोडं यायचं. गाठ म्हणजे त्या खाटेवरचा माणूस गेला. ते कपडे वेगळे उकळायचे, वेगळे वाळवायचे आणि त्यांची घडी घालताना गाणं म्हणायचं. हे कोणी सुरू केलं माहीत नाही, पण चुकवलं कोणीच नाही. माझी आई एका टोकाने विचारायची, त्याची आई दुसऱ्या टोकाने उत्तर द्यायची. कुठली गं ही? खिडकीजवळची. कधी गेला? पहाटेच्या वेळी. कोण होतं जवळ? नव्हतं गं कोणी. मग आता कोण? आपण दोघी. तोवर कोपरे जुळायचे आणि दोघी एकदम म्हणायच्या, देवा, ह्याला जवळ घे.

माझ्या आईचं टोक वाळवणीच्या यंत्राशेजारी होतं आणि त्या यंत्राची घरघर अशी की शेजारचं माणूस ओरडलं तरी टेबलाखाली पोचायचं नाही. राजेंना ऐकू आलं ते फक्त आपल्या आईचं. म्हणजे नुसती उत्तरं. तीच त्याने ढोलावर बसवली. “दोघी”चं “दोघं” केलं, शेवटचा “देवा” गाळला, म्हणजे प्रेमगीत झालं. लोक म्हणाले, काय गूढ आहे! ओळींमधल्या शांततेवर एकाने वर्तमानपत्रात अर्धं पान लिहिलं. ती शांतता म्हणजे माझी आई होती. लग्नांत त्या गाण्यावर नवराबायको नाचू लागले, एका परक्या माणसाच्या मरणावर.

आईने ते पहिल्यांदा किराणा दुकानात ऐकलं. साबण हातात घेऊन ती थांबली. एक ओळ झाली की तिचे ओठ हलायचे, प्रश्न अगदी हळू म्हणायची, आणि पुढची ओळ यायची. शेवटी ती “देवा” म्हणाली तेव्हा दुकानातला ढोल जोरात वाजत होता. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, “पोरगं एकटंच घडी घालतंय.” मला राग आला होता. तिला दया आली होती.

गेल्या वर्षी आई गेली. त्याची आई त्याआधीच गेली होती. आईच्या वेळी राजेंचा कार्यक्रम होता, त्यामुळे येणं जमलं नाही. फोनवर एक लाल बदाम पाठवला.

आता दुसऱ्या अल्बमची तारीख पडली आहे, स्टुडिओ ठरला आहे आणि राजेंकडे एकही गाणं नाही. टेबलाखाली जेवढं मिळालं तेवढं पहिल्यातच संपलं. स्वतःची चार रचली ती कंपनीने नाक मुरडून परत केली. त्यात एका मुलाखतीत कोणीतरी विचारलं, की ही गाणी अर्धी का वाटतात? राजे म्हणाले, उरलेला अर्धा भाग पुढच्या अल्बममध्ये, मावशीने जाण्याआधी मला टेपवर गाऊन दिलाय. अशी टेप नाही. आई त्याच्यासाठी शेवटचं गायली ती त्याला गोवर आला होता तेव्हा. पण कंपनीने अल्बमचं नाव ठेवूनही टाकलं, ‘दुसरं टोक’. टेप आली नाही तर करार मोडणार.

हे सगळं त्याने मला जुन्या खोल्यांच्या पायऱ्यांवर बसून, बूट काढून, फोड दाबत सांगितलं. मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही. पण सकाळी देवापुढे हात जोडतानाच मी ठरवलं होतं, विचारलं तर गायचं. ती प्रार्थना आहे. लुच्च्याच्या हातून का होईना, पुरी झाली तर कोणी भांडी घासताना त्या अनोळखी माणसासाठी एक ओळ म्हणेल.

त्याने विचारलं, मी गायले. दोन्ही टोकं, शेवटपर्यंत. गाठोड्याचंही सांगितलं.

त्याने मान खाली घातली आणि पायाच्या फोडावर फुंकर मारली. मला वाटलं, लाज वाटली. मग म्हणाला की चाल छान आहे, पण यात देव फार आहे, आणि “गेला” वगैरे कंपनीला चालणार नाही, ऐकणारे तरुण असतात. त्याने प्रश्न स्वतःच लिहून ठेवले होते. फोन काढून दाखवले. सांग कुठली वाट ही. कधी रे भेटशील. माझ्या आईने असलं काही कोणाला विचारलं असतं तर तिची तिलाच लाज वाटली असती.

मी उठले. त्याने माझ्या पदराचं टोक धरलं, लहानपणी धरायचा तसं.

“ताई, तुझा आवाज हुबेहूब मावशीसारखा आहे,” तो म्हणाला. “हे माझे प्रश्न एकदा स्टुडिओत येऊन गा. मी त्यात थोडी खरखर घालतो, जुनी टेप वाटेल. नाव मावशीचंच टाकतो. खोटं मी बोलेन, तू फक्त गा.”