मटणवाल्याशी बोलायची सवय

माझे सासरे गोमांस विकत घ्यायला निघालेत, हे पचायला मला वेळ लागला. मी चहा गाळत होते. त्यांनी पायात बूट घातले, मफलर गुंडाळला आणि म्हणाले, "अगं, मला जरा खाटकाकडे सोड. ब्रिस्केट आणायचंय."

चहा ओट्यावर सांडला.

बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडला, लिक्सलिपला आले होते. मटण, मासे सगळं चालतं, पण गाईचं मांस आमच्या घरात कधी आलं नाही आणि त्यावर चर्चाही झाली नाही. माझा चेहरा बघून त्यांनी खुलासा केला. आपण खायचं नाही, फक्त पोचवायचं.

पोचवायचं होतं शेजाऱ्याला. हा शेजारी बाबांच्याच वयाचा, एकटा राहणारा. मागच्या अंगणात त्याने लोखंडी पिंप कापून एक भट्टी केलीय. तिच्यात ओकची लाकडं धुमसवायची आणि त्या धुरावर दिवसभर मांस शिजवायचं, हा त्याचा छंद. बाबा आल्याआल्या धुराचा वास घेत कुंपणापाशी गेले आणि तिथलेच झाले. नवरा संगणकाच्या चिपच्या कारखान्यात, मी माझ्या नोकरीवर, मुलं शाळेत. बाबांशी दिवसभर बोलणारा माणूस तो एकच. बाबा त्याच्याशी शाळामास्तरी इंग्रजी बोलायचे, तो त्यांना बॉस म्हणायचा, आणि दोघं लाकूड ओलं की सुकं यावर तासन्‌तास वाद घालायचे.

आता शेजाऱ्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. गाडी चालवायला बंदी, चालायला कुबड्या. आणि त्याचा मुलगा कितीतरी वर्षांनी ऑस्ट्रेलियाहून घरी येत होता, रविवारी सकाळी. मुलाने फोनवर एकच गोष्ट मागितली होती, बापाच्या हातचं ब्रिस्केट. ब्रिस्केट म्हणजे गाईच्या छातीचा, पुढच्या पायांमधला भाग. इथले खाटीक तो साफ करून, गुंडाळून, दोऱ्याने बांधून विकतात. धुरावर ठेवायला तसा उपयोगी नाही. अख्खा लागतो, वरच्या चरबीच्या जाड थरासकट, कारण दिवसभर ती चरबी वितळून मांसात झिरपते. तसा तुकडा आधी सांगून मागवावा लागतो. शेजाऱ्याने मागवला होता आणि आणायचं काम बाबांवर सोपवलं होतं.

गाडीत बाबा धडा म्हणावा तसं म्हणत होते, अख्खा आणायचा, चरबीला हात लावू द्यायचा नाही. मी म्हटलं, पाठ झालंय बाबा. दुकानाच्या दारात मला ऑफिसचा फोन आला. ते आत गेले, मी बाहेर फुटपाथवर बोलत राहिले.

फोन संपवून आत गेले तर खाटीक सुरी पुसत होता. काउंटरवर पांढऱ्या ट्रेमध्ये मांसाचे तुकडे होते, सगळे एका मापाचे, रश्शाला लागतात तसे. चरबीचा कण नाही. बाबा समाधानाने बघत होते.

मी विचारलं, हे काय आहे. खाटकाने माझ्याकडे पाहिलं. "मी दोनदा विचारलं यांना. पण गृहस्थ फारच ठाम होते."

बाबांचं हसू तेव्हा उतरलं. आधी त्यांनी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या हातांकडे. काय झालं होतं ते मला सांगायची गरजच पडली नाही. आयुष्यभर दर रविवारी ते मटणाच्या दुकानात उभे राहिले होते. तिथे मटणवाल्यावर नजर ठेवायची असते, नाहीतर तो चरबी वजनात खपवतो. खाटकाने भलामोठा चरबीचा थर दाखवून असाच देऊ का म्हणून विचारलं, आणि बाबांना ती लबाडी वाटली. दुसऱ्यांदा विचारल्यावर तर खात्रीच पटली. चरबी काढा, मध्यम तुकडे करा. गाडीत पाठ केलेला धडा सवयीपुढे टिकला नाही.

दुसरं अख्खं ब्रिस्केट मिळेल का, मी विचारलं. सोमवारनंतर, खाटीक म्हणाला. गाडीत बसून मी आणखी तीन दुकानांना फोन केले. सगळीकडे गुंडाळलेलं, बांधलेलं. बाबा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. घराशी आल्यावर म्हणाले, "मीच सांगतो."

मी कुंपणाच्या अलीकडे उभी राहिले. शेजाऱ्याने दार उघडलं, पिशवीत डोकावून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "ग्रँड." पिशवी घेतली आणि दार लावलं.

इथे ग्रँड म्हणजे नुसतं 'ठीक आहे', पण या देशात इतकी वर्षं काढल्यावर मला ग्रँडचे प्रकार कळतात. हा त्यातला सगळ्यात वाईट होता. यानंतर माणूस भांडत नाही, नुसता बोलायचा थांबतो.

बाबा त्या संध्याकाळी कुंपणाकडे गेले नाहीत. जेवताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, "परतीचं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ रे."

अजून त्यांचे चार महिने बाकी होते. नवऱ्याने विचारलं, का हो बाबा, काय झालं. थंडी वाजते, ते म्हणाले. मे महिना होता.

मला हळवं होता येत नाही, पण वाया गेलेली वस्तू दुरुस्त होते का ते बघता येतं. मांस कापलं गेलं होतं, चरबी कुठे गेली असेल? शनिवारी सकाळी दुकान उघडताच मी खाटकापुढे उभी राहिले आणि म्हटलं, कालची ती चरबी मला परत द्या. त्याने खिम्यात घालायला ठेवली होती. जमलेल्या सायीसारखे जाड पांढरे पट्टे त्याने कागदात गुंडाळून दिले. गाईची चरबी शेजारच्या सीटवर ठेवून मी घरी आले. माझ्या आईने हे बघितलं असतं तर काय म्हणाली असती, यावर मी विचार करायचं टाळलं.

शेजाऱ्याच्या दारात पुडकं उघडून दाखवलं. म्हटलं, वरच्या जाळीवर हे आणि खाली ट्रेमध्ये ते तुकडे दाटीने, असं जमेल का? त्याने चरबीकडे पाहिलं.

"कल्पना कुणाची?"

"माझी."

"त्याला पाठव," तो म्हणाला. "मला वाकता येत नाही."

बाबा सपाता घालूनच धावले. दिवसभर ते पिंपापाशी होते. शेजारी खुर्चीत बसून कुबडीने दाखवायचा, बाबा लाकूड सारायचे. दुपारपर्यंत दोघांत अवाक्षर नव्हतं. मग मला खिडकीतून शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला, "ते ओलं आहे, बॉस." आणि बाबांचा, "अजिबात नाही." वाळत घातलेल्या माझ्या सगळ्या कपड्यांना धुराचा वास लागला, पण मी खिडकी लावली नाही.

रविवारी आम्हालाही बोलावलं होतं. आम्ही बटाटे आणि कोशिंबीर खाल्ली. शेजाऱ्याचा मुलगा आडदांड, उन्हाने रापलेला. त्याने एक तुकडा तोंडात टाकला. बाबा हातातली ताटली विसरून त्याच्याकडे बघत होते.

"जरा कोरडं आहे, डॅड," तो चावत म्हणाला. "पण चव तीच आहे." आणि त्याने पुन्हा वाढून घेतलं.

शेजाऱ्याने डोळे पुसले, धुराला शिवी घातली. भट्टी केव्हाच विझली होती. मग तो बाबांकडे वळला. मुलगा महिनाभर आहे, जायच्या आधी एकदा नीट करू, म्हणाला. बाबांनी घाईघाईने मान डोलावली.

"पण बॉस, पुढच्या वेळी तू गाडीत बसून राहायचं. आत ही जाईल."

ही म्हणजे मी. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाठ चोळणाऱ्या माझ्या नवऱ्याला त्यांनी हातानेच थांबवलं आणि म्हणाले, ते तिकिटाचं राहू दे.

मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी पाण्याचा ग्लास बाबांच्या हातात दिला आणि खाटकाला तुकडा किती दिवस आधी सांगावा लागतो, ते शेजाऱ्याला विचारून घेतलं.