एकमताने

मुलुंडच्या आमच्या सोसायटीचं इतिवृत्त मी लिहितो. वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी झाली, म्हणून ते माझ्याकडे आलं. मागच्या वर्षीच्या सभेत गणपती पाच दिवसांऐवजी दीड दिवसाचा करायचं ठरलं. मी लिहिलं : ‘ठराव एकमताने मंजूर.’

माझी भाची तेव्हा पीएचडी करत होती. लोकांचं बोलणं अस्तित्ववादाच्या अंगाने तपासायचं, असा तिचा विषय. तिने सभेचं रेकॉर्डिंग मागितलं. ऐकता ऐकता एका जागी थांबवलं. तळमजल्यावरच्या मालवणी काकू बोलत होत्या. "सगळे म्हणतत तर..." मग बराच वेळ पंख्याचा आवाज. मग, "माजा काय."

"मामा, हे कुठे लिहिलंयस?"

"अडखळणं आम्ही डेस्कवर कापतो."

"वाट लावलीस ना! माझं सगळं कामच तिथे आहे. माणूस निवडतो तरी, नाहीतर ‘सगळे’ म्हणून सुटतो. या गप्प बसण्यात काय झालं, तेच मला बघायचंय."

मला हे अवघड वाटलं, पण कुतूहलही वाटलं. दोघं काकूंकडे गेलो. त्या एकट्या राहतात. गणपतीचा नैवेद्य त्यांच्याच घरून जातो, आणि त्या दिवसांत त्यांच्या दाराला कडी नसते.

"काकू, तुम्हाला पाच दिवस हवे होते?" मी विचारलं.

भाचीने मला कोपर मारलं. उत्तर आपणच सुचवायचं नाही, हा तिचा नियम. तिने विचारलं, "काकू, सगळे म्हणजे कोण?"

काकू आठवू लागल्या. "सेक्रेटरी. त्याची सून. आणि तुझो मामा."

"मामा काय बोलला?"

"खय काय बोललो? तो नुसतो लिवत होतो!" काकू हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून झालं. त्यावर मोबाइलमधून मान वर न करता "कायम, कायम" म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे.

"हरकत आसा," काकू म्हणाल्या. "माका पाच दिवस होये. सगळे म्हणजे कोण, ता आधी सांगा."

सेक्रेटरी वैतागले. "काकू, आता परत हात मोजायचे का?"

"मोज की रे!"

मोजणी सुरू झाली. पाच दिवसांसाठी हात वर करायला सांगितल्यावर मी पेन खाली ठेवलं.

त्या दिवशीच्या इतिवृत्तात लिहिलं आहे : ‘गणपती पाच दिवसांचा. ठराव बहुमताने मंजूर.’ त्याआधी काकूंचं वाक्य आहे, जसं बोलल्या तसं.