झेंडूच्या पल्ल्याचं गाव

आमच्या मोठेबाबांनी उभ्या जन्मात एकही अंतर किलोमीटरमध्ये मोजलं नाही. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर त्यांनी आणि मोठीआईनं मला वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. बाळापूरजवळ फुलांची शेती होती, आणि फूल सुकायला लागणारा वेळ हेच त्यांचं माप. अकोला म्हणजे मोगऱ्याचा पल्ला. अमरावतीला शेवंतीच हवी. मोझरीला गुलाब न्यायचा तर पोतं दोनदा भिजवावं लागे. एसटीच्या कंडक्टरनं "कुठलं तिकीट?" विचारलं की हे सांगत, "गुलाब मान टाकीन तिथलं." डॉक्टरांनी विचारलं, छातीत कधीपासून दुखतंय? "दोन हार ओवून झाले असतीन," म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

मी मस्कतला नोकरीला निघालो तेव्हा त्यांनी विचारलं, "मुंबईच्या विमानतळाहून तिथल्या विमानतळावर जायले किती वेळ?"

मी म्हणालो, "अठरा तास. मधे दोन विमानं बदलावी लागतात."

खरं म्हणजे लागतात अडीच तास. अकोल्याहून मुंबईची रेल्वेच त्याच्या तिप्पट-चौपट वेळ खाते. पण प्रत्येक लग्नाला, बारशाला बोलावणं येऊ नये म्हणून मी बोलून गेलो. मोठेबाबांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजे गुलाब गेलाच. झेंडूच पोचीन." पुढं माझ्या न येण्यावर कोणी कुजकं बोललं की ते उसळत, "झेंडूच्या पल्ल्याचं गाव हाय त्याचं! तुमी जाऊन दाखवा!"

मोठीआई गेली तेव्हा सकाळीच त्यांचा फोन आला. अग्नी मीच द्यायचा, हे घरात कधीचं ठरलेलं.

"कवा निघतं बेटा? आमी थांबतो. फुलायवर पानी मारून राहिलो."

त्या आठवड्यात ऑफिसात माझ्या बढतीची मुलाखत होती. मी म्हणालो, "फार लांब पडतं, मोठेबाबा. वाट नका पाहू."

ते बरं म्हणाले. तरी थांबले. लोकांना म्हणाले, "उद्या सकाळची मुंबईची गाडी येऊ द्या." गाडी आली, गेली. मग त्यांनी स्वतःच अग्नी दिला. हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं, आणि अठरा तासांच्या हिशेबात न बसणारी तीच गाडी का, हा प्रश्न मी स्वतःला पडू दिला नाही.

बढती मिळाली. दोन वर्षांनी गावी आलो. मोठेबाबा ओसरीवर हार ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "किती वेळ लागला?"

"मस्कत ते मुंबई अडीच तास. तेव्हाही अडीचच लागत होते, मोठेबाबा."

सुई थांबली नाही. "मालूम हाय मले. दिवाळीत आपला झेंडू जाते न तिथं. व्यापारी सांगे, उतरते तवा पाकळीले ओल असते."

"कधीपासून माहीत आहे?"

"तू गेला त्याच वर्षीपासून."

"मग बोलले काहून नाही?" किती तरी वर्षांनी माझ्या तोंडी वऱ्हाडी आली.

"लोकायले काय सांगू? पोट्टं जवळच हाय म्हनून?"

त्यांनी गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि हार माझ्याकडे दिला. "जाय, मोठीआईले घाल. ओला हाय अजून."

ओसरीवरून तिच्या फोटोपर्यंत पाच-सहा पावलं. मला किती वेळ लागला, ते मात्र त्यांनी विचारलं नाही.