पप्पांचा टेस्टर
काळ्या इन्सुलेशन टेपचा वास आला की मला मोशीतल्या आमच्या भाड्याच्या घरातली ती रविवारची दुपार आठवते. दिवसाही अंधार असणाऱ्या आतल्या खोलीतला बल्ब लागत नव्हता. चाकणच्या एका कंपनीत वीस वर्षं मेंटेनन्सला असलेले पप्पा अनवाणीच लोखंडी स्टुलावर चढले होते आणि बटण चालूच होतं. कुठल्याही वायरला हात लावायच्या आधी टेस्टर टेकवायचा, ही त्यांची सवय. मी खाली सर्किटचं पुस्तक मांडीवर घेऊन वैतागले होते, कारण दुसऱ्या दिवशी पेपर होता. "पप्पा, काळी न्यूट्रल आहे. न्यूट्रलला शून्य व्होल्ट असतात, धरा की बिनधास्त," मी म्हणाले. ते कौतुकानं हसले, "बरं बाई, इंजिनिअर तू," म्हणाले आणि त्यांनी टेस्टर खिशात ठेवून ती काळी वायर धरली. न्यूट्रल पुढे कुठेतरी तुटली होती, त्यामुळे बल्बमधून आलेलं व्होल्टेज त्या काळ्या वायरीवर तसंच उभं होतं. पप्पा स्टुलासकट खाली आले. त्यांचं उजवं मनगट मोडलं ते पुन्हा नीट झालंच नाही, आणि स्क्रूड्रायव्हर धरता न येणाऱ्या माणसाला कंपनीनं ठेवलं नाही. हॉस्पिटलमध्ये मी रडत होते तेव्हा ते एवढंच म्हणाले, "उद्या पेपरात मात्र शून्यच लिही हं, नाहीतर मार्क जातील." मी शून्यच लिहिलं आणि मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. आता कॉलेजात तोच विषय मी शिकवते. फळ्यावर न्यूट्रलसमोर शून्य लिहिते, आणि पोरं माना डोलवत ते वहीत उतरवून घेतात.